भावजी म्हणतात ग्लासगोला भारताने घोळ घातला. 'फेज आउट'चं 'फेज डाउन' केल्याने नक्की काय बिघडलं?

वाकडचा_सरळ

मंडळी जरा मदत करा, घरात वातावरण तापलंय. बहीण आणि भावजी स्टुटगार्टला असतात, संक्रांतीला व्हिडिओ कॉल लावला, तिळगूळ घ्या गोड बोला म्हणेपर्यंत ठीक होतं आणि पाचव्या मिनिटाला बाबा आणि भावजी कोळशावरून सुरू झाले. बाबा औष्णिक वीज केंद्रातून रिटायर झालेत, ३१ वर्षं टर्बाइन मेंटेनन्सला होते, त्यामुळे कोळशाला कोणी नावं ठेवली की त्यांना घरच्या माणसाला बोलल्यासारखं लागतं. भावजींचं म्हणणं असं की २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत सगळं जग कोळसा बंद करायला तयार झालं होतं आणि शेवटच्या क्षणी भारताने उठून शब्द बदलायला लावला, परिषदेचा अध्यक्ष बिचारा स्टेजवर रडला. बाबा म्हणाले बरं केलं, तुम्ही दीडशे वर्षं जाळलात तेव्हा कोण रडलं होतं. त्यावर भावजी गप्प, पण ते गप्प बसले की बहीण नंतर मला मेसेज करते.

मला खरंच कळत नाही की एका शब्दाने एवढं काय होतं? आणि दुसरं, सरकार म्हणतं आपण ५०% वीज स्वच्छ केली ते पण २०३० च्या पाच वर्षं आधीच, मग बाबांच्या जुन्या प्लांटच्या चिमण्या अजून तशाच धुरतायत ते कसं? मला बाजू घ्यायची नाहीये, पुढच्या कॉलला मध्ये पडून दोन वाक्यं बोलता आली तरी खूप झालं.

---

फायलीत_अडकलेला

मी स्पर्धा परीक्षांच्या क्लासला पर्यावरण शिकवतो त्यामुळे हा किस्सा दर वर्षी सांगावा लागतो. भावजींनी सांगितलं ते घडलंय पण अर्धंच.

१३ नोव्हेंबर २०२१, परिषद आदल्या दिवशीच संपायची होती, सगळ्यांच्या बॅगा भरलेल्या. मसुद्यात वाक्य होतं कोळशाच्या विजेचा 'फेज आउट', म्हणजे हळूहळू का होईना पण पूर्ण बंद. आपले पर्यावरण मंत्री भूपेंद्र यादव यांनी शेवटच्या सभेत नवीन वाक्य वाचून दाखवलं, त्यात 'फेज डाउन', म्हणजे कमी करत जाणे. चीनलाही तेच हवं होतं, पण वाचलं आपण, त्यामुळे फोटोत आपणच आलो. स्वित्झर्लंड, फिजी, मार्शल बेटं सगळ्यांनी उठून नाराजी सांगितली आणि तरी मान्य केलं, कारण नाही म्हटलं असतं तर पूर्ण करारच गेला असता. अध्यक्ष आलोक शर्मा माफी मागताना त्यांचा आवाज दाटला, हे खरंय.

आता जे भावजींना माहीत नसेल ते. हा 'फेज डाउन' शब्द भारताने शोधलेला नाही. तीनच दिवस आधी, १० नोव्हेंबरला, अमेरिका आणि चीनने संयुक्त निवेदन काढलं होतं त्यात चीनच्या कोळशाबद्दल हाच शब्द होता, तेव्हा कोणाच्या डोळ्यात पाणी आलं नाही.

आणि दुसरं, ते वाक्य फक्त कोळशाबद्दल होतं. तेल नाही, गॅस नाही. कोळसा कोणाकडे आहे? आपल्याकडे, चीनकडे, दक्षिण आफ्रिकेकडे, इंडोनेशियाकडे. गॅसवर कोण जगतं ते नकाशा बघून सांगा. पुढच्या वर्षी इजिप्तमध्ये शर्म अल शेखच्या परिषदेत भारतानेच सांगितलं की ठीक आहे, मग नुसता कोळसा कशाला, सगळ्याच जीवाश्म इंधनांचा फेज डाउन लिहू. बरेच देश हो म्हणाले, अगदी युरोपसुद्धा, पण अंतिम मसुद्यात ते आलंच नाही. शेवटी २०२३ ला दुबईत 'जीवाश्म इंधनांपासून दूर जाणे' असं लिहिलं गेलं. परिषदा १९९५ पासून चालू आहेत, म्हणजे रोगाचं नाव केसपेपरवर यायला २८ वर्षं गेली. आणि त्याच मसुद्यात थोडं खाली 'संक्रमणकाळातली इंधनं' म्हणून एक ओळ आहे, ती गॅससाठी सोडलेली खिडकी आहे हे तिथल्या शिपायालाही माहीत असेल.

एका शब्दावर दोन दोन रात्री जागतात कारण तिथे मतदान नाहीये. नियमावलीतला मतदानाचा नियम पहिल्या परिषदेपासून आजपर्यंत मंजूरच झालेला नाही, त्यामुळे सगळं एकमताने. सोसायटीच्या मीटिंगमध्ये जवळपास दोनशे बिऱ्हाडं आहेत आणि प्रत्येकाला व्हेटो आहे असं समजा, आणि त्यातले चार जण बिल्डरचे नातेवाईक.

---

राखी_पौर्णिमा_रोजच

वरचे सर चांगलं लिहितात पण माझं थोडं वेगळं आहे. मी विदर्भात राहते, एका औष्णिक केंद्रापासून सात किलोमीटरवर, नाव लिहीत नाही कारण घरातले अर्धे लोक तिथेच कंत्राटावर आहेत. युजरनेमवरून कळलं असेलच.

आमच्याकडे उन्हाळ्यात कुरडया-पापड गच्चीवर घालत नाही कोणी, खोलीत पंख्याखाली वाळवतो. पांढरी चादर बाहेर घातली तर संध्याकाळी करडी होते. आणि गंमत ऐका, मागच्या वर्षी आम्ही सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटचं सोलर बसवलं, ७८,००० सबसिडी मिळाली, सगळं छान, पण आठ दिवसांत पॅनलवर राखेचा थर बसतो आणि युनिट खाली येतात, मग मी पाइप घेऊन वर. म्हणजे कोळसा माझ्या सोलरवर बसलेला आहे अक्षरशः, तुमची ती आंतरराष्ट्रीय वाटाघाट आमच्या गच्चीवर चालू आहे.

तुझ्या बाबांबद्दल आदर आहे दादा, माझेही सासरे तिथलेच. पण 'त्यांनी दीडशे वर्षं जाळला' हे ऐकून माझ्या पोराचा खोकला जात नाही. ऐतिहासिक जबाबदारी वगैरे सगळं बरोबर असेल, दिल्लीचे लोक बाहेर जाऊन सांगतात की ज्यांनी मजा केली त्यांनी पैसे भरावे. मान्य. मग हेच आम्ही मुंबई-पुण्याला सांगितलं तर? कोळसा आमच्या जमिनीखालचा, राख आमच्या छातीत, ४७ डिग्री ऊन आमच्या डोक्यावर आणि वीज तिकडच्या एसीला. आमची परिषद कुठे भरते ते सांगा, आम्ही पण रात्री जागून शब्द बदलू.

---

वाकडचा_सरळ

ताई, हे बाबांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. थोड्या वेळाने म्हणाले तिला विचार ईएसपी नीट चालवतात का रात्रीचे. (म्हणजे धुरातली राख पकडायचं यंत्र, मी विचारून घेतलं.)

---

राखी_पौर्णिमा_रोजच

काकांना सांग, नेमका प्रश्न विचारलात. पहाटे उठून बघा म्हणावं चिमणीकडे.

---

लोड_शेडिंग_मास्तर

५०% चा घोळ मी सोडवतो, वीज क्षेत्रात २२ वर्षं झाली, त्यातली बरीच कंट्रोल रूममध्ये.

५०% खरं आहे आणि तुमच्या बाबांच्या चिमण्याही खऱ्या आहेत. जून २०२५ ला देशाच्या स्थापित क्षमतेतली निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म झाली, म्हणजे सोलर, पवन, जलविद्युत, अणू सगळं धरून, एकूण साधारण ४८५ गिगावॅटपैकी २४२ च्या वर. आपण पॅरिस करारासाठी २०१५ मध्ये सांगितलं होतं २०३० पर्यंत ४०%, मग २०२२ ला ते ५०% केलं आणि पाच वर्षं आधी गाठलं. यात खोटं काही नाही. पण शब्द आहे 'स्थापित क्षमता'. दुकानात शंभर खुर्च्या मांडल्या म्हणजे शंभर गिऱ्हाईकं बसली असं नाही. सोलर रात्री शून्य, ढगाळ दिवशी अर्धं, वर्षाची सरासरी काढली तर १०० मेगावॅटच्या सोलरमधून २० च्या आसपास निघतात. कोळशाच्या १०० मधून ६५-७०. त्यामुळे प्रत्यक्ष तयार होणाऱ्या दर १० युनिटमधली ७ च्या आसपास अजून कोळशाची आहेत. ही भानगड आपण लपवली असं नाही, जे आकडे कागदावर लिहून दिले ते क्षमतेचेच होते, जाहिरात करताना मात्र सगळे 'वीज' म्हणतात.

खरी मजा संध्याकाळी साडेसहाला बघायला मिळते. सोलर दर मिनिटाला उतरत असतं आणि त्याच वेळी घराघरात दिवे, टीव्ही, गीझर, एसी. दुपारी बारा वाजता कोळशाच्या युनिटला सांगायचं बाबा अर्ध्यावर ये, आणि सहा वाजता सांगायचं पूर्ण पळ. पंचवीस वर्षं जुनं युनिट म्हणजे सुमो पैलवान, त्याला तुम्ही रोज लंगडी खेळायला लावताय. बॉयलरच्या ट्यूबा फुटतात, बाबांना विचारा, त्यांना हे शंभर टक्के पटेल.

उपाय म्हणजे साठवण. बॅटऱ्या येतायत, पण आपल्याकडे जुनी सोपी पद्धत आहे, दुपारी स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. घाटघरला असं २५० मेगावॅटचं केंद्र २००८ पासून चालू आहे, भंडारदऱ्याला पावसाळ्यात जाणारे सगळे त्याच्या शेजारून जातात आणि फोटो धबधब्याचा काढतात. आणि त्याहून स्वस्त साठवण म्हणजे शेतीपंप. आमच्याकडे पूर्वी शेतकऱ्याला एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री वीज, रात्री दोनला टॉर्च घेऊन बारं द्यायला जायचं, साप, बिबट्या, थंडी सगळं. सौर वाहिन्यांमुळे (शेतीसाठीच्या सोलरवरच्या लाइनी) तो पंप दुपारी चालायला लागला की रात्रीचा भार आपोआप दुपारी सरकतो. एकही बॅटरी न विकत घेता. यात हवामान परिषदेचं भाषण शून्य आहे पण काम सगळ्यात जास्त झालंय असं माझं मत. सगळीकडे पोचलंय का, तर नाही, आमच्या गावाला अजून रात्रपाळी आहेच.

---

टिंब_टिंब_टिंब

एवढं सगळं वाचलं. आमच्या गल्लीत सफाईवालेच कचरा जाळतात रोज सकाळी, ते फेज डाउन होईल का आधी

---

बोल्टवाले_अंबड

मी नाशिकला अंबडच्या एका छोट्या युनिटमध्ये एक्सपोर्टची कागदपत्रं बघतो. आम्ही नट-बोल्ट करतो, अर्धा माल जर्मनी आणि इटलीला. या चर्चेत उतरायचं कारण म्हणजे भावजींच्या देशातून आम्हाला येणाऱ्या एक्सेल शीट.

युरोपने सीमेवरचा कार्बन कर आणलाय, सीबॅम म्हणतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसतं माहिती द्या म्हणत होते, १ जानेवारी २०२६ पासून खरं सुरू झालं. स्टील, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन, वीज एवढ्या गोष्टींना, आणि स्टीलमध्ये नट-बोल्टही येतात. पैसे भरणार तिकडचा आयातदार, सर्टिफिकेटं विकत घेऊन, पण तो आमचा मामा थोडाच आहे, तो भाव पाडणार. माल बनवताना किती कार्बन निघाला तो आकडा नाही दिला तर तिकडे ठरलेला डिफॉल्ट आकडा लावतात, आणि तो मुद्दाम चढा असतो.

पहिली शीट आली तेव्हा आमच्या मालकांनी मला विचारलं, "अरे आपण तर धूर काढतच नाही, एक हीट ट्रीटमेंटची भट्टी आहे गॅसची, काय भरायचंय?" मी गॅसची बिलं घेऊन बसलो. मग कळलं की आमच्या भट्टीचा आकडा चिल्लर आहे, खरा आकडा आहे आम्ही जो वायर रॉड विकत घेतो त्याच्या पोटात. तो ब्लास्ट फर्नेसमधून (कोळशावरची लोखंडाची भट्टी) आला असेल तर टनाला अडीच टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आधीच चिकटलेला. आता रॉड देणाऱ्या डीलरला मी फोन करून विचारतो की दादा या हीट नंबरचा (म्हणजे भट्टीतल्या घाणीचा नंबर) कार्बनचा कागद द्या. पहिल्या वेळी त्याला वाटलं मी मटेरियलमधल्या कार्बनची टक्केवारी विचारतोय, त्याने टेस्ट सर्टिफिकेट पाठवलं, कार्बन ०.२०. तीन मेल गेले समजवायला.

आता दोन्ही बाजू सांगतो. वाटाघाटीत भारत म्हणतो हा एकतर्फी कर आहे, १९९२ च्या रिओ करारात ठरलं होतं की जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही, आणि इथे आमच्या बोल्टला आणि जर्मन बोल्टला एकच फुटपट्टी. हे मला पटतं. पण हेही खरं की या शीटमुळेच आमच्या मालकांनी पहिल्यांदा शेडवर सोलर बसवायचा विचार केला. त्याने सीबॅमचा आकडा बदलत नाही बरं का, स्टीलमध्ये विजेचं सध्या धरतच नाहीत, हे मी त्यांना बसवून झाल्यावर सांगितलं. वीजबिल कमी झालं म्हणून वाचलो.

आणि इथे कार्बनची किंमत भरली असेल तर ती तिकडे वजा होते. आपली कार्बन क्रेडिट योजना त्यासाठीच घाईने चाललीये असं आमच्या सीएचं म्हणणं. म्हणजे पैसे ब्रसेल्सला जाण्याऐवजी इथेच राहतील. ते राख ताईंच्या गावापर्यंत पोचतील का ते मला विचारू नका.

---

वाकडचा_सरळ

सगळ्यांचे आभार. काल परत कॉल झाला, मी फायलीतवाल्या सरांचं १० नोव्हेंबरचं टाकलं. भावजी म्हणाले ते ठीक, पण मग गरीब देशांना पैसे तर देतोच ना आम्ही? बाबा म्हणाले किती देता? इथे दोघंही अडकले आणि माझ्याकडे बघायला लागले. सर, वाचवा.

---

फायलीत_अडकलेला

हाहा. खरं भांडण इथेच आहे, शब्द फक्त पावती आहे. बिल कोणाच्या नावावर फाडायचं एवढाच प्रश्न १९९२ पासून चालू आहे.

२००९ ला कोपनहेगनच्या परिषदेत श्रीमंत देश म्हणाले २०२० पासून वर्षाला १०० अब्ज डॉलर. २०२० ला भरले नाहीत. त्यांच्याच संघटनेच्या, ओईसीडीच्या, हिशोबाने २०२२ ला पहिल्यांदा शंभरच्या वर गेले, आणि त्यातला मोठा भाग कर्ज आहे. म्हणजे शेजाऱ्याच्या गिझरचं पाणी तुमच्या छतातून गळलं, आणि तो म्हणतो दुरुस्तीला पैसे देतो, व्याजाने.

मग २०२४ ला बाकूच्या परिषदेत नवीन आकडा ठरवायचा होता. विकसनशील देश म्हणत होते वर्षाला १.३ ट्रिलियन. २४ नोव्हेंबरच्या पहाटे अध्यक्षांनी हातोडा मारला, ३०० अब्ज, तेही २०३५ पर्यंत. भारताला त्याआधी बोलायचं होतं, हात वर होता, हातोडा आधी पडला. मग आपल्या अर्थ खात्याच्या चांदनी रैना उठल्या आणि म्हणाल्या हा दस्तऐवज म्हणजे दृष्टिभ्रम आहे, आम्ही विरोध करतो. टाळ्या खूप पडल्या. निर्णय तसाच राहिला.

अमेरिकेचं तर बोलायलाच नको. उत्सर्जन कमी करायच्या क्योटो करारावर सही केली पण सिनेटपुढे कधी ठेवलाच नाही, कारण १९९७ ला सिनेटने आधीच ९५ विरुद्ध ० असा ठराव करून ठेवला होता. पॅरिस करारातून एकदा बाहेर, एकदा आत, जानेवारी २०२५ ला परत बाहेर पडायचा आदेश.

भावजींना चिमटा काढायचा असेल तर एकच, जर्मनीने एप्रिल २०२३ ला शेवटच्या अणुभट्ट्या बंद केल्या, आणि त्याच वर्षी जानेवारीत ल्युत्झेराथ नावाचं गाव रिकामं केलं, लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणीसाठी. त्यांचा कायदा कोळसा बंद करायला २०३८ पर्यंत मुदत देतो. पण बाबांनाही सांगा की ग्लासगोला यादव बोलले ते गरिबांच्या घरच्या गॅस सबसिडीवरही बोलले, नुसत्या प्लांटवर नाही, आणि आपण स्वतःच २०७० ला नेट झिरो (जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घ्यायचा) लिहून दिलंय. बाबांचं केंद्र तोपर्यंत चालणार नाहीच.

---

वाकडचा_सरळ

ल्युत्झेराथ मी नाही काढलं, बहीण मारेल. पण भावजींनी स्वतःच सांगितलं की बॉयलरच्या ट्यूबांचा मुद्दा त्यांनाही माहीत होता, ते ऑटोमोटिव्हमध्ये असले तरी मटेरियलचे आहेत, मग बाबा आणि ते थर्मल फटीगवर (तापून-गार होऊन धातू थकतो ते) पाऊण तास बोलले. मी आणि बहीण बाजूला. कोळसा निघालाच नाही.

@राखी_पौर्णिमा_रोजच ताई, बाबा विचारतायत पॅनल पाइपने किती वाजता धुता?

---

राखी_पौर्णिमा_रोजच

अकरा-साडेअकराला, स्वयंपाक झाला की. का?

---

लोड_शेडिंग_मास्तर

तेव्हा नको ताई, काच तापलेली असते, गार पाणी पडलं की तडकायची भीती. पहाटे किंवा ऊन उतरल्यावर. आणि कोरड्या फडक्याने राख पुसू नका, ओरखडे पडतात, आधी पाणी मारून दहा मिनिटं सोडा मग मऊ मॉप. बोअरचं पाणी असेल तर डाग राहतात.

---

राखी_पौर्णिमा_रोजच

बोअरचंच आहे. नळाला पाणी पहाटे साडेपाचला येतं, तेव्हा वर गेले की चिमणी पण बघून येते, काकांना सांगते काय दिसलं ते.